सी हे अक्षर रिकामे ठेवण्याबाबत

माणसाची योग्यता तो कुठे बसतो यावरून ठरते. बसून काय करतो हा प्रश्न नंतरचा, आणि आमच्या कोक-ताला गावात तो सहसा उपस्थित होत नाही.

तंबू असो, घर असो की लग्नाचा मांडव, दारासमोर अगदी आतली जी जागा असते तिला तोर म्हणतात. तिथे सगळ्यांत मोठा माणूस बसतो. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्याहून धाकटे, मग त्यांच्याहून धाकटे, असं उतरत उतरत जो दारापाशी येऊन टेकतो त्याने चहा ओतायचा, पाहुण्यांचे जोडे सरळ लावायचे आणि पाळी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ही पद्धत इतकी निर्दोष आहे की आजवर आमच्याकडे एकाही मोठ्या माणसावर धाकट्याकडून काही शिकायची नामुष्की ओढवलेली नाही.

जिल्हा पशुधन नोंदणी कार्यालयात दारापाशी बसायचा तो एशिम. वय चौतीस, पोट सुटलेलं, दोन मुलांचा बाप. पण कार्यालयात सगळ्यांत धाकटा तोच, म्हणून चहा त्याच्याकडे. चहातून वेळ उरला तर संगणकही त्याच्याकडे. (नेमणुकीच्या आदेशात हा क्रम उलटा दिला होता. टंकलेखनातली चूक असावी.)

कार्यालयात संगणक एकच, पण त्याच्या पोटात सिस्टीम तीन. याचं कारण समजून घेतलं पाहिजे. पहिले संचालक जुमाली यांच्या काळात पहिली सिस्टीम बसली. जुमाली निवृत्त झाले, दाढी पांढरी झाली, लोक त्यांना आदराने अक्साकाल म्हणू लागले. त्यांच्या जागी सबिरा एजे (एजे म्हणजे ताई) आल्या. आता, आधीच्या माणसाच्या सिस्टीमवर काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या अंथरुणात झोपणं. आणि ती पुसून टाकणं म्हणजे वडीलधाऱ्याचं अंथरूण गुंडाळून रस्त्यावर फेकणं. तेव्हा सबिरा एजेंनी दोन्ही टाळून डिस्कचा आणखी एक तुकडा पाडला आणि आपली चूल वेगळी मांडली. पुढे त्या बढतीवर प्रांताच्या कार्यालयात गेल्या, तालायबेक आले, आणि तिसरा तुकडा पडला. तेव्हापासून संगणक सुरू केला की तो आधी नम्रपणे विचारायचा, आज कुणाकडे जायचं. असा सुसंस्कृत संगणक आसपासच्या चार जिल्ह्यांत नव्हता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात तालायबेकांनी नवा चष्मा केला.

चष्मा लावून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि एशिमला हाक मारली.

"एशिम, हे काय आहे?"

"डिस्कचे तुकडे आहेत, बायके. तीन." (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बायके म्हणतात.)

"ते दिसतंय मला. अक्साकालांच्या नावापुढे सी, सबिरा एजेंच्या नावापुढे डी आणि माझ्यापुढे ई. मी तिसरा का?"

"तुमची सिस्टीम शेवटी बसवली ना, म्हणून. नुसतं अक्षर आहे, बायके."

"नुसतं अक्षर आहे तर मग मला सी आणि त्यांना ई, असं का नाही झालं?"

याचं उत्तर एशिमपाशी होतं, पण संचालक उभे होते आणि तो बसलेला होता, त्यामुळे आधी उठण्यातच वेळ गेला.

"आणि सी-च्या वर, ए आणि बी-वर कोण बसलंय?"

"कुणी नाही. पूर्वी फ्लॉपी असायच्या, ती अक्षरं त्यांच्यासाठी राखलेली. फ्लॉपी गेल्या, जागा तशाच आहेत."

तालायबेकांनी डोक्यावरची टोपी काढली. गेलेल्यांच्या जागा राखून ठेवणारी माणसं दूरच्या देशातही आहेत हे पाहून त्यांना बरं वाटलं. त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, दुवा मागताना म्हणतात तसं ओमीन म्हटलं, आणि मग टोपी घालून सांगितलं की ई चालणार नाही.

नेमकी त्याच सकाळी बुरुल आपा आली.

बुरुल आपा साठी उलटलेली, नवरा गेलेला, मुलगा परदेशात बांधकामावर. घरात सून, दोन नातवंडं आणि चाळीसेक मेंढ्या. या मेंढ्यांखेरीज त्या घराला दुसरं काही नाही. जूनमध्ये खालचं गवत संपतं; मेंढ्या घाट चढून वरच्या कुरणात नेल्या तर पोसतात, नाही तर नाही. घाटाच्या तोंडाशी नाका आहे आणि नाक्यावर परवाना लागतो. परवाना हाताने लिहिलेला चालत नाही (प्रगती), तो संगणकातूनच निघावा लागतो. परवाने छापायचा प्रोग्राम होता जुमाली अक्साकालांच्या सिस्टीमवर, म्हणजे सी-वर. बाकीचे मेंढपाळ आठवड्यापूर्वीच कागद घेऊन वर गेले होते. आपाला सुनेच्या आजारपणामुळे उशीर झाला होता.

"दोन दिवस थांबा आपा," एशिम म्हणाला. "साहेबांचं अक्षराचं काम तेवढं उरकतो."

दोन दिवस म्हणून आपाने कार्यालयाच्या आवारातच तंबू ठोकला आणि मेंढ्या कुंपणाच्या आत सोडल्या.

आता अक्षराचं काम. जिच्यावर बसून काम चाललंय त्या सिस्टीमचं अक्षर सरळ मार्गाने बदलता येत नाही. संगणक स्वच्छ शब्दांत नाही म्हणतो. आडवाटेने बदलता येतं, पण मग सिस्टीमला स्वतःचंच घर सापडत नाही, कारण तिच्या शेकडो बारीकसारीक गोष्टींवर जुना पत्ता लिहिलेला असतो. एशिमने हे तालायबेकांना सांगायचा प्रयत्न केला.

"यंत्र नाही म्हणतंय, बायके."

"कुणाला नाही म्हणतंय? तुला की मला?"

"मी बसलो होतो तेव्हा मला म्हणालं."

"मग बरोबर आहे त्याचं," तालायबेक म्हणाले. "तू कोण लागून गेलास? हा विषय मोठ्यांच्या बैठकीतच सुटेल."

बैठक बोलावली. अक्साकाल वयाने मोठे, सबिरा एजे हुद्द्याने मोठ्या, तालायबेक खुर्चीवर, तेव्हा तिघांचाही सी-वर हक्क पोचत होता. अडचण जागेची आली. कार्यालयातल्या खुर्च्या भिंतीला लावून एका ओळीत मांडलेल्या, आणि एका ओळीला तोर नसते. ज्या खोलीत कोण कुठे बसावं हेच कळत नाही, तिथे कोणी कुठलं अक्षर घ्यावं हे ठरणार कसं? आवारात मात्र चांगला गोल तंबू उभा होता. सगळे तिकडे गेले.

तंबूच्या दारात अक्साकाल उभे राहिले म्हटल्यावर ते पाहुणे झाले. पाहुण्याची, तेही अशा पाहुण्याची, चहा-ब्रेडवर बोळवण करायची म्हणजे सात पिढ्या लोक नाव ठेवतील. बुरुल आपाने सुरी मागवली. (एक मेंढी.)

बैठक अत्यंत खेळीमेळीत पार पडली. तालायबेक म्हणाले, "अक्साकाल, सी तुमचंच. तुम्ही असताना दुसरं कुणी तिथे बसेल का?" (अर्थ : तुम्ही आता नको म्हणा.) अक्साकाल म्हणाले, "छे, छे. आम्ही पिकली पानं. सी तुमच्यासारख्या कर्त्या माणसांनी घ्यावं." (अर्थ : घेऊन तर बघ.) सबिरा एजे म्हणाल्या, "माझा विचारच करू नका. मला काय, दारापाशी बसवलंत तरी चालेल." (अर्थ : प्रांताच्या कार्यालयातून मी एवढ्या लांब, घाट उतरून, जेवायला आलेली नाही.)

मग नम्रतेला जो ऊत आला तो काही केल्या बसेना. अक्साकालांनी विचारलं, शेवटचं अक्षर कोणतं. एशिमने झेड म्हणून सांगितलं. अक्साकाल म्हणाले, मला तेच द्या. तालायबेक म्हणाले, अक्साकाल झेडवर आणि मी त्यांच्या वर? मेलो तरी नाही, मलाही झेडच. सबिरा एजे म्हणाल्या, दोघे पुरुष दारापाशी आणि मी बाईमाणूस वर बसून मान घेऊ? एका झेडवर तिघांना बसवता येत नाही असं एशिमला सांगायचं होतं, पण बोलण्याची पाळी तोरपासून सुरू होऊन उतरत उतरत येत होती, आणि ती चहाच्या किटलीपाशी पोचणार इतक्यात मांस आलं. अक्साकालांपुढे मेंढीचं डोकं ठेवण्यात आलं. त्यांनी रीतीप्रमाणे एक कान कापून सगळ्यांत धाकट्याला दिला. कान धाकट्याला देतात तो त्याने मोठ्यांचं नीट ऐकावं म्हणून. एशिमने कान खाल्ला. ओमीन म्हणून सगळे उठले.

एकमताने झालेला ठराव असा : एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे अनुक्रमे तालायबेक, सबिरा एजे आणि अक्साकाल यांनी स्वीकारावीत, व सी हे अक्षर परस्परांविषयीच्या आदरापोटी रिकामे ठेवण्यात यावे.

एशिमने ठरावाची अंमलबजावणी आडवाटेने, तिन्ही सिस्टीमच्या आत शिरून केली. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण हुकूम मोठ्यांचा, आणि ज्याने कान खाल्ला त्याने बोलायचं कसं?

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला. त्याने नाव विचारलं, संकेतशब्द विचारला, 'स्वागत' म्हणाला आणि लगेच निरोप घेऊन पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. पुन्हा नाव सांगितलं, पुन्हा स्वागत, पुन्हा निरोप. तिन्ही घरांत तीच तऱ्हा. तालायबेकांनी हे बराच वेळ पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. तोर रिकामी असताना आत येऊन बसायचं नाही, एवढी समज या लोखंडाला होती.

परवाना मात्र निघेना.

बुरुल आपाच्या दोन दिवसांचे दहा दिवस झाले, दहाचे दोन महिने. आवारातलं गवत संपलं, मग फुलझाडं संपली, मग मेंढ्यांनी कार्यालयाच्या सूचनाफलकावरचे कागद जिथवर तोंड पोचलं तिथवर खाल्ले. (त्यात परवान्याचे नियम होते. ते पुढे उपयोगी पडतील.) आपाने काही मेंढ्या विकून उरलेल्यांसाठी सुका चारा आणला.

कार्यालय काही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. पहिल्या बैठकीच्या निर्णयाचा आढावा घ्यायला दुसरी बैठक झाली. (एक मेंढी.) सी रिकामं ठेवल्याबद्दल तिघांनी एकमेकांचे आभार मानायचे राहून गेले होते, त्यासाठी तिसरी. (एक मेंढी.) शेजारच्या जिल्ह्यातून रिकाम्या जागेची ही नवी पद्धत समजून घ्यायला शिष्टमंडळ आलं. ते मोठं होतं. (दोन मेंढ्या, आणि पिठाचे बोर्सोक तळायला आपाच्याच घरचं तेल.) सबिरा एजेंनी प्रांताला अहवाल पाठवला : सदर कालावधीत कोक-ताला कार्यालयाकडून एकही चुकीचा परवाना दिला गेलेला नाही, ही मागील वर्षाच्या तुलनेत शंभर टक्के सुधारणा आहे. अहवाल वाचून प्रांताला आनंद झाला आणि अभिनंदनासाठी दोन अधिकारी निघाले. अधिकारी येईपर्यंत तीन कोकरं भुकेने बसली ती उठलीच नाहीत. आजारी जनावर पाहुण्याला वाढत नाहीत, त्यामुळे अधिकाऱ्यांसाठी धडधाकट निवडावी लागली.

प्रत्येक बैठकीला एशिम दारापाशी बसून चहा ओतायचा. चहा अर्धा पियालाच ओतायचा असतो. भरून दिला तर पाहुण्याला 'प्या आणि निघा' म्हटल्यासारखं होतं. एकदा, वैतागून, त्याने अक्साकालांचा पियाला काठोकाठ भरला. अक्साकालांनी त्याच्याकडे पाहिलं. एशिमने अर्धा चहा परत किटलीत घेतला.

त्या दिवशी जेवणाआधी तो बाहेर हात धुवायचं पाणी भरत होता. बुरुल आपा शेजारी येऊन उकिडवी बसली.

"एशिम, लेका, खरं सांग. हे जे बिघडलंय ते तुला नीट करता येतं?"

"येतं आपा. पेन ड्राइव्हवरून आत शिरायचं आणि जुनी अक्षरं परत लावायची. हा चहा निवायच्या आत होईल."

"मग घोडं पेंड खातंय कुठे?"

"कुणाला सी द्यायचं ते कुणीतरी सांगायला हवं ना. जो तो म्हणतो, तुम्ही घ्या."

"आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस."

"माझी पाळी येईपर्यंत मांस येतं, आपा."

"माझंच ना ते?"

एशिमने तांब्या खाली ठेवला.

"संध्याकाळी कुंपणाशी जाते मोजायला," आपा म्हणाली, "आणि अर्ध्यातच सोडून देते. पोराला फोनवर काय सांगू? साहेब लोक येऊन जेवून गेले म्हणून?"

"तुम्ही नाही म्हणा की एकदा."

"आणि तू म्हणालास का?"

आतून तालायबेकांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी वर सरकून बसा म्हणत होते आणि तो कुणी तरी नको नको म्हणत होता.

"एशिम, हा तंबू कुणाचा?"

"तुमचा."

"तंबूत पाहुण्याला कुठे बसवायचं ते कोण ठरवतं?"

"ज्याचा तंबू तो. इथे तुम्ही."

"मग मी ठरवते. इकडे कान कर. मेंढीचा नव्हे, तुझा."

आपाने त्याच्या कानात एक नाव सांगितलं. तांब्या तिच्या हातात देऊन एशिम कार्यालयात गेला, त्याने दार लावून घेतलं, आणि चहा निवायच्या आत तो बाहेर आला. संगणक स्वागत म्हणाला आणि या वेळी आत येऊन बसला.

सगळीकडे आनंदीआनंद झाला. सी कुणाला मिळालं हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारणं असभ्य दिसलं असतं. आणि न विचारता प्रत्येकाला ते आपल्यालाच मिळालंय असं धरून चालता येत होतं. पडद्यावर ते अक्षर चुकून कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तालायबेकांनी त्या कोपऱ्यावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढलेला लोकरी नमद्याचा तुकडा चिकटवून घेतला. तो आजही आहे. त्याच्यामागे अधूनमधून काही महत्त्वाच्या सूचना येतात, पण त्यांनी अजून कुणाचं नुकसान झाल्याची नोंद नाही. हा एवढा मोठा तिढा सुटल्याबद्दल आपाच्या तंबूत शेवटची बैठक झाली. तिला बरेच लोक होते.

मग तालायबेकांनी स्वतः बुरुल आपाचा अर्ज काढला. ते प्रामाणिक माणूस आहेत. आवारात जाऊन त्यांनी मेंढ्या मोजल्या, अर्ज पाहिला, पुन्हा मोजल्या.

"आपा, अर्जात चाळीस लिहिल्यात. इथे तर नऊ आहेत."

"हो."

"बाकीच्या कुठे गेल्या?"

एशिमने मान खाली घातली.

"हे पाहा आपा, नसलेल्या मेंढ्यांचा परवाना मी देणार नाही. खोटं काम माझ्या हातून होणार नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला. "पण थांबा. दहाच्या आत मेंढ्या असल्या तर परवाना लागतच नाही. नियमच आहे तसा. म्हणजे तुमचं काम तर आपोआप झालं की."

अर्जावर 'आवश्यकता उरली नाही, निकाली' असा शेरा पडला. त्या वर्षी कार्यालयाचे सगळे अर्ज निकाली निघाले. नऊ मेंढ्यांसाठी कुणी घाट चढत नाही, आणि एव्हाना वरच्या कुरणातही गवत पिवळं पडायला लागलं होतं. बुरुल आपाने तंबू उतरवला. एशिमने काठ्या गाडीत चढवल्या, दोऱ्या बांधल्या. त्याला लाज वाटत होती आणि ती त्याने आपाला बोलूनही दाखवली. आपा म्हणाली, "असू दे. तुझी पाळी नव्हती." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चहा ओतायला बसला.

ही हकीकत आजवर पुष्कळ ठिकाणी सांगून झाली आहे. ऐकणारे हसतात, हळहळतात, आमच्या लोकांची कीव करतात, आणि शेवटी जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारतात : ते सगळं ठीक, पण म्हातारीने नाव कुणाचं सांगितलं, सी मिळालं कुणाला? तुमच्याही ओठांवर हेच आलं असेल तर संकोच करू नका. या, असे दारात का उभे? वर सरका, अगदी आत बसा. आपाकडे अजून नऊ आहेत.